सिस्को मॉडेलिंग लॅब्ज: सीसीआयईच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी कितपत उपयोगी?

सिस्को मॉडेलिंग लॅब्ज, म्हणजेच सीएमएल, ही एकाच संगणकावर आभासी राउटर, स्विच आणि सर्व्हर चालवून पूर्ण नेटवर्क उभे करण्याची प्रणाली आहे. तिचा उपयोग अनेक कामांसाठी होतो, पण येथे मी तिचे परीक्षण एकाच कामाच्या संदर्भात करणार आहे आणि ते काम म्हणजे सीसीआयई एंटरप्राइझ इन्फ्रास्ट्रक्चर या, नेटवर्क अभियंत्यांसाठीच्या सिस्कोच्या तज्ज्ञ पातळीच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी. ही परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंत माझा बहुतेक सराव याच प्रणालीवर झाला असल्यामुळे तिची बलस्थाने आणि तिच्या मर्यादा या दोन्हींविषयी मला निश्चित मते आहेत.

आधी परीक्षेचे स्वरूप सांगणे आवश्यक आहे, कारण साधन चांगले की वाईट हे त्यावरच ठरते. सीसीआयई १९९३ साली सुरू झाली आणि तिचा पहिला प्रमाणपत्र-क्रमांक, १०२४, कोणा व्यक्तीला न देता परीक्षेच्या प्रयोगशाळेलाच देण्यात आला. या परीक्षेचा प्राण प्रात्यक्षिकात आहे, हे तेव्हापासून ठरलेले आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सिस्कोने आपल्या सर्व प्रमाणपत्रांची फेररचना केली, तेव्हा जुन्या राउटिंग अँड स्विचिंग शाखेची जागा एंटरप्राइझ इन्फ्रास्ट्रक्चरने घेतली. या रचनेत उमेदवाराने प्रथम १२० मिनिटांची कोअर परीक्षा द्यायची आणि मग आठ तासांच्या प्रात्यक्षिकाला बसायचे असते. प्रात्यक्षिकाचे पहिले तीन तास डिझाइनचे असतात. त्यात उपकरणांना हात लावता येत नाही, समोर आलेली कागदपत्रे वाचून निर्णय द्यावे लागतात आणि एकदा दिलेल्या उत्तराकडे परत जाता येत नाही. उरलेल्या पाच तासांत प्रत्यक्ष नेटवर्क उभे करणे, चालवणे, बिघाड शोधणे आणि सुधारणा करणे ही कामे येतात. एकूण गुणांची मर्यादा ओलांडणे पुरेसे नसते, दोन्ही भागांत स्वतंत्रपणे किमान गुण मिळवावे लागतात.

या पाच तासांसाठी सीएमएलची उपयुक्तता मोठी आहे, पहिल्या तीन तासांसाठी ती अप्रत्यक्ष आहे आणि अभ्यासक्रमाच्या एका ठळक भागात ती अपुरी पडते, असा माझा अनुभवान्ती बनलेला निष्कर्ष आहे.

स्थापनेविषयी थोडक्यात सांगतो. ही प्रणाली स्वतंत्र सर्व्हरवर थेट बसवता येते किंवा व्हीएमवेअरसारख्या हायपरवायझरमध्ये, म्हणजे आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आभासी यंत्र म्हणून चालवता येते. दुसऱ्या पद्धतीत एका आभासी यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे चालतात, त्यामुळे प्रोसेसरमध्ये त्या सोयीचा आधार असावा लागतो. एआरएम प्रोसेसरच्या संगणकांवर ती चालत नाही, हे यंत्र घेण्यापूर्वीच लक्षात ठेवावे. सगळे काम ब्राउझरमधून होते. नोड, म्हणजे आभासी उपकरणे, ओढून आणायचे, जोडण्या काढायच्या, चालू करायचे आणि त्याच खिडकीत आज्ञा देण्याचा कन्सोल उघडायचा, इतके ते सरळ आहे. पूर्वीच्या व्हर्ल या प्रणालीचे ओझे ज्यांनी वाहिले आहे, त्यांना २०२० साली आलेल्या सीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीचा हलकेपणा लगेच जाणवतो.

सीएमएलची सर्वात मोठी जमेची बाजू म्हणजे उपकरणांच्या इमेज, म्हणजे त्यांच्या सॉफ्टवेअरच्या फायली, तिच्यासोबतच आणि रीतसर मिळतात. ईव्ही-एनजी आणि जीएनएस३ या याच प्रकारच्या दोन्ही प्रणाली उत्तम आहेत आणि त्यांच्यावर सराव करून अनेकांनी ही परीक्षा दिली आहे, परंतु त्या फक्त चौकट देतात आणि इमेज मिळवण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर टाकतात. मग उमेदवार कुठून तरी मिळालेल्या, कोणी बदललेल्या असतील याची खात्री नसलेल्या फायलींवर अवलंबून राहतो. एखादी आज्ञा अपेक्षेप्रमाणे चालली नाही की दोष आपल्या समजुतीचा, इमेजचा की आवृत्तीचा, हे कळायला मार्ग राहत नाही. तज्ज्ञ पातळीच्या तयारीत ही शंका फार महाग पडते, कारण येथे प्रत्येक निरीक्षणातून काहीतरी निष्कर्ष काढायचा असतो. सीएमएलमध्ये आयओएस-व्ही, आयओएल, कॅटॅलिस्ट ८०००व्ही, एनएक्स-ओएस आणि एएसए-व्ही अशा इमेज एकत्र येतात, म्हणून निरीक्षणावर भरवसा ठेवता येतो.

या भरवशाचा उपयोग कसा होतो, ते एका उदाहरणाने सांगितले पाहिजे. एका बाजूला ईआयजीआरपी, दुसऱ्या बाजूला ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचे दोन वेगळे प्रोटोकॉल, आणि मध्ये सीमेवर दोन राउटर, ही मांडणी प्रत्येक उमेदवाराला पाठ असते. दोन्ही सीमा-राउटरांवर परस्पर रीडिस्ट्रिब्युशन, म्हणजे एका प्रोटोकॉलचे मार्ग दुसऱ्यात देणे, लावायचे असते. आता एखादे नेटवर्क ईआयजीआरपीमध्ये बाहेरून आलेले असेल, तर त्याचे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, म्हणजे मार्ग कळवणाऱ्या स्रोतावरच्या विश्वासाचा आकडा, १७० असते आणि लहान आकड्याला पसंती मिळते. पहिला सीमा-राउटर ते ओएसपीएफमध्ये ढकलतो. दुसऱ्या सीमा-राउटरला तेच नेटवर्क दोन्हीकडून ऐकू येते, ईआयजीआरपीकडून १७० आणि ओएसपीएफकडून ११०. तो अर्थातच ११० निवडतो आणि जवळचा मार्ग सोडून ओएसपीएफच्या बाजूने लांबचा वळसा घेतो. एवढ्यावर थांबले तर नुकसान फक्त वळशाचे. पण तोच राउटर ओएसपीएफमधून आलेला मार्ग परत ईआयजीआरपीमध्ये ढकलतो, आणि त्या वेळी त्याने दिलेले मेट्रिक, म्हणजे मार्गाचे मोल, मूळ मार्गापेक्षा चांगले असेल, तर पहिला सीमा-राउटर दुसऱ्याकडे पाहू लागतो, दुसरा पहिल्याकडे, आणि पॅकेट दोघांमध्ये फिरत राहतात.

पुस्तकात हे वाचून समजते, पण त्यातली खरी अडचण वाचून समजत नाही. कोणता राउटर आधी सुरू झाला यावर परिणाम बदलतो. पहिला आधी उठला तर वळसा दुसऱ्याच्या वाट्याला येतो, दुसरा आधी उठला तर पहिल्याच्या. म्हणून एकदा केलेली मांडणी नीट चालताना दिसते, उमेदवार समाधानाने पुढच्या कामाकडे वळतो आणि एखादा नोड पुन्हा सुरू झाल्यावर सगळे उलटते. सीएमएलमध्ये मी हा प्रयोग नोड वेगवेगळ्या क्रमाने चालू करून वारंवार केला आणि मार्गांच्या तक्त्यात होणारा बदल प्रत्येक वेळी आधी लिहून मग पडताळून पाहिला. त्यानंतर उपायांकडे वळलो. मार्गांना टॅग लावून परतीची वाट अडवली की फेरा थांबतो, पण दुसऱ्या राउटरचा वळसा तसाच राहतो, कारण त्याच्या दृष्टीने ११० अजूनही १७० पेक्षा लहानच आहे. ओएसपीएफच्या बाह्य मार्गांचे डिस्टन्स १७० च्या वर नेले तर हा वळसा जातो, परंतु जी नेटवर्क खरोखरच ओएसपीएफच्या बाजूने बाहेरून आलेली आहेत त्यांच्यासाठी तीच अडचण उलट दिशेने उभी राहते. टॅग पाहून विशिष्ट मार्ग तक्त्यात येऊ न देणारी डिस्ट्रिब्युट लिस्ट हा मला सर्वात स्वच्छ उपाय वाटतो, आणि ती लावल्यावरही एलएसए, म्हणजे ओएसपीएफचे मार्गविषयक संदेश, पुढे पसरत राहतात, अडतो तो फक्त त्या राउटरच्या तक्त्यातला प्रवेश, हेही तेथेच डोळ्यांनी पाहता येते. परीक्षेत जेव्हा प्रत्येक वाहतूक सर्वात योग्य मार्गाने गेली पाहिजे अशी अट येते, तेव्हा फेरा थांबवणे आणि वळसा काढणे ही दोन वेगळी कामे आहेत हे ज्याला ठाऊक असते तोच ते गुण मिळवतो.

पॅकेट कॅप्चरची सोय हे दुसरे मोठे बळ आहे. कोणत्याही जोडणीवर क्लिक करून ब्राउझरमध्येच पॅकेट पाहता येतात आणि फाइल उतरवून वायरशार्कमध्ये उघडता येते. ओएसपीएफचा शेजारसंबंध एक्सस्टार्ट या सुरुवातीच्या अवस्थेत अडकला तर एमटीयू, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराची मर्यादा, तपासा, हा नियम सर्वांना माहीत असतो. पण डेटाबेस डिस्क्रिप्शनच्या पॅकेटमध्ये इंटरफेसचा एमटीयू लिहिलेला असतो आणि आपल्याला झेपणार नाही इतका मोठा आकडा दिसला की राउटर ते पॅकेट नाकारतो, हे एकदा स्वतः पाहिल्यावर नियम पाठ ठेवावा लागत नाही. डीएमव्हीपीएनच्या, म्हणजे शाखांना जोडणाऱ्या आभासी खासगी जाळ्याच्या, बोगद्यावर ओएसपीएफ चालवताना हीच गोष्ट निराळ्या वेषात समोर येते आणि तेव्हा ती ओळखू येते.

जोडणीवर कृत्रिम विलंब, जिटर (विलंबातील चढउतार) आणि पॅकेटहानी घालण्याची सोय मला सुरुवातीला दुय्यम वाटत होती, पण एसडी-वॅनच्या, म्हणजे शाखांमधले जाळे सॉफ्टवेअरने मध्यवर्ती नियंत्रित करण्याच्या पद्धतीच्या, अभ्यासात ती अनिवार्य ठरली. ॲप्लिकेशन-अवेअर राउटिंगमध्ये प्रत्येक आयपीसेक (कूटबद्ध) बोगद्याची गुणवत्ता बीएफडी या तपासणी-प्रोटोकॉलने मोजली जाते आणि ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलेल्या बोगद्यावरून महत्त्वाची वाहतूक हटवली जाते. हे पाहण्यासाठी एखादी जोडणी मुद्दाम खराब करता आली पाहिजे. येथे एक बारकावा सांगतो, कारण त्यापायी पुष्कळांचा वेळ जातो. मोजमापाचा मूळ अवधी दहा मिनिटांचा असतो आणि निर्णय अशा सहा अवधींच्या सरासरीवर होतो, त्यामुळे हानी घातल्यावर लगेच काहीच घडत नाही आणि आपले धोरण चुकले असे वाटू लागते. सरावात हे अवधी कमी करून घ्यावेत, आणि ते का कमी केले हेही समजून घ्यावे, कारण मूळ मूल्ये तशी का ठेवली असावीत हा डिझाइनच्या भागात येण्याजोगा विचार आहे.

स्वयंचलनाच्या बाबतीत सीएमएलने माझी अपेक्षा ओलांडली. अभ्यासक्रमात इन्फ्रास्ट्रक्चर ऑटोमेशनला १५ टक्के भार दिलेला आहे आणि जुन्या पठडीत वाढलेले अभियंते नेमके येथेच मागे पडतात. बाहेरच्या जगाशी जोडणारा एक्स्टर्नल कनेक्टर लावला की आपल्या संगणकावरून आभासी राउटरपर्यंत ८३० क्रमांकाच्या पोर्टवर नेटकॉन्फ हा उपकरणे प्रोग्रॅमने कॉन्फिगर करण्याचा प्रोटोकॉल चालवता येतो, त्याच कामाच्या रेस्टकॉन्फच्या विनंत्या पाठवता येतात आणि या माहितीचा साचा ठरवणाऱ्या यांग मॉडेलची रचना प्रत्यक्ष उत्तरांतून वाचता येते. याशिवाय सीएमएलचा स्वतःचा आरईएसटी एपीआय आहे आणि त्यासाठी पायथन लायब्ररीही उपलब्ध आहे. पूर्ण मांडणी याम्ल या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठते, म्हणजे ती गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात ठेवता येते, तिच्या दोन आवृत्त्यांची तुलना करता येते आणि हवी तेव्हा पूर्वस्थिती आणता येते. माझ्या मते तज्ज्ञ पातळीच्या सरावात नोडच्या संख्येपेक्षा या पुनरावृत्तीचे मोल अधिक आहे. एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहून चालू नेटवर्कमध्ये यादृच्छिक बिघाड घालता येतात, आणि बिघाड कोणता आहे हे ठाऊक नसताना तो शोधण्याचा जो सराव होतो त्याची बरोबरी तयार प्रश्नसंचांनी होत नाही. बिघाड आपणच हाताने घातला असेल तर डोळे आपोआप तिकडे जातात, आणि मग शोधण्याची पद्धत तयार होत नाही.

आता मर्यादांकडे वळतो. पहिली मर्यादा संगणकाच्या स्मृतीची (रॅमची), आणि तिला पर्याय नाही. आयओएलचा नोड अगदी थोड्या स्मृतीत चालतो, परंतु कॅटॅलिस्ट ८०००व्हीला प्रत्येकी सुमारे चार जीबी लागतात आणि एसडी-वॅनचे नियंत्रक मिळून त्याहूनही कितीतरी अधिक मागतात. कॅटॅलिस्ट ९०००व्ही तर एकटाच साध्या लॅपटॉपची स्मृती संपवू शकतो. यावर व्यवहार्य मार्ग एकच, तो म्हणजे जेथे जड इमेजची खास गरज नाही तेथे आयओएल किंवा आयओएस-व्ही वापरावे आणि जड नोड त्या त्या विषयापुरतेच चालू ठेवावेत. बीजीपीचे गुणधर्म, ओएसपीएफचे एरिया, मल्टिकास्टचे आरपी, एमपीएलएसवरचे तिसऱ्या स्तराचे व्हीपीएन, हे सारे हलक्या इमेजवर पूर्णपणे अभ्यासता येते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. सॉफ्टवेअर डिफाइन्ड इन्फ्रास्ट्रक्चरला अभ्यासक्रमात २५ टक्के भार असून त्यात एसडी-वॅनच्या जोडीने एसडी-ॲक्सेस, म्हणजे कार्यालयाच्या आतले जाळे सॉफ्टवेअरने नियंत्रित करण्याची पद्धत, येते. एसडी-ॲक्सेसचा कारभार ज्यावरून चालतो, ते पूर्वीचे डीएनए सेंटर आणि आताचे कॅटॅलिस्ट सेंटर, घरगुती साधनांवर उभे करणे जवळजवळ अशक्य आहे. त्याच्या आभासी आवृत्तीलाही ३२ आभासी प्रोसेसर आणि २५६ जीबी स्मृती लागते. सीएमएलमध्ये लिस्प आणि व्हीएक्सलॅन हे त्यामागचे प्रोटोकॉल हाताने लावून फॅब्रिकच्या, म्हणजे अशा जाळ्याच्या, आतली यंत्रणा समजून घेता येते, आणि ती तशी घ्यावीच, कारण बॉर्डर, एज आणि कंट्रोल प्लेन नोड एकमेकांशी काय बोलतात हे ज्याला कळते तो नियंत्रकाच्या पडद्यावरची चूकही लवकर ओळखतो. परंतु त्या पडद्यावर वावरण्याची सवय येथे लागत नाही. त्यासाठी सिस्कोच्या दूरस्थ प्रयोगशाळांवर किंवा भाड्याने मिळणाऱ्या रॅकवर वेळ घेतलाच पाहिजे, आणि तो शेवटच्या आठवड्यांसाठी राखून न ठेवता अभ्यासाच्या मध्यावरच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

नोडच्या संख्येची मर्यादा वैयक्तिक आवृत्तीत २० आणि प्लस आवृत्तीत ४० अशी आहे. एकेका विषयाच्या सरावासाठी २० पुरेसे होतात. आठ तासांची पूर्ण तालीम करायची असेल तर ४० हवेत. स्विचिंगमध्ये काही उणिवा आहेत, कारण आभासी स्विचमध्ये खऱ्या उपकरणातली चिप नसते, म्हणून स्टॅकिंग (अनेक स्विच जोडून एक करणे) किंवा हार्डवेअरवर अवलंबून असलेले क्यूओएस (वाहतुकीला प्राधान्यक्रम देणे) येथे तपासता येत नाही. वेगाचे मोजमाप तर येथे करूच नये.

वापरातली एक गोष्ट नव्या माणसाला गोंधळात टाकते. राउटरवर कॉन्फिगरेशन साठवणे आणि सीएमएलने ते मांडणीत ओढून घेणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. नोड पुसून टाकला की त्याची डिस्क जाते आणि मांडणीत जे साठवलेले असेल तेच परत येते. उलटपक्षी, नोडची डिस्क शिल्लक असताना मांडणीतले सुरुवातीचे कॉन्फिगरेशन बदलले, तर तो बदल नोड पुसल्याशिवाय लागू होत नाही. हे वर्तन सुसंगत आहे, पण ते पहिल्याच दिवशी समजून घेतले पाहिजे. प्रत्येक सत्राच्या अखेरीस कॉन्फिगरेशन ओढून घेऊन याम्ल फाइल बाहेर काढून ठेवावी.

डिझाइनच्या तीन तासांसाठी सीएमएल थेट काही देत नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. तेथे ईमेल, आकृत्या आणि ग्राहकाच्या गरजा वाचून दोन-तीन शक्य मार्गांपैकी एक निवडायचा असतो. तरीही मी एक पद्धत वापरली आणि ती फलदायी ठरली. प्रत्येक मांडणी उभारण्यापूर्वी ती तशीच का करायची, याची कारणे मी वहीत लिहीत असे, आणि मग नाकारलेला पर्यायही सीएमएलवर उभा करून तो नेमका कोठे मोडतो ते पाहत असे. डीएमव्हीपीएनवर ओएसपीएफ की ईआयजीआरपी, हा वाद शेकडो शाखांच्या संदर्भात वाचताना अमूर्त वाटतो. एका शाखेची जोडणी तुटल्यावर एकाच एरियातल्या सर्व राउटरांना बातमी कशी जाते आणि ईआयजीआरपीमध्ये स्टब (शाखेला टोकाचा राउटर ठरवणे) व समरीमुळे (अनेक मार्गांचा एकच सारांश देण्यामुळे) ती कशी अडते, हे पाच-सहा नोडवरही स्पष्ट दिसते.

सीएमएल उत्तरे तपासत नाही. तुमचे काम बरोबर आहे की नाही हे सांगणारा तेथे कोणी नाही, आणि प्रत्यक्ष परीक्षेतही नसतो. म्हणून पडताळणीची शिस्त स्वतःच लावून घ्यावी लागते. आज्ञा देण्यापूर्वी तिचे फलित काय दिसेल ते मनाशी ठरवावे, शो आज्ञेने पाहावे, फरक असेल तर पुढे न जाता त्याचे कारण शोधावे, आणि एक काम संपल्यावर त्याने आधीचे काम मोडले नाही ना, हे सर्व संबंधित राउटरांवर पाहावे. परीक्षेतली अनेक कामे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे ही शेवटची पायरी निर्णायक ठरते. चोरीच्या प्रश्नपत्रिका पाठ करून या परीक्षेला बसणारे लोक आहेत. त्या मार्गात प्रमाणपत्र रद्द होण्याचा धोका तर आहेच, पण त्याहून मोठी हानी म्हणजे नोकरीत पहिला खरा बिघाड आल्यावर हातात काहीच नसते.

खरेदीपूर्वी कोणता निर्णय घ्यावा, हे ज्याच्या त्याच्या टप्प्यावर अवलंबून आहे. कोअर परीक्षेच्या तयारीत असलेल्यांनी पाच नोडच्या विनामूल्य आवृत्तीपासून आरंभ करावा. तिच्यात मोजक्याच इमेज असतात, परंतु राउटिंगचा पाया घालायला त्या पुरतात आणि आपला संगणक हा भार पेलतो की नाही तेही कळते. ज्यांच्याकडे कामाच्या ठिकाणी रीतसर परवान्याच्या इमेज आणि मोठा सर्व्हर उपलब्ध आहे, त्यांना ईव्ही-एनजी सोडून येथे येण्याचे तातडीचे कारण नाही. प्रात्यक्षिकाची तारीख डोळ्यांसमोर ठेवून एकट्याने अभ्यास करणाऱ्यांसाठी मात्र मी वैयक्तिक आवृत्तीचीच शिफारस करीन, ६४ जीबी स्मृतीचा संगणक आणि एसडी-ॲक्सेससाठी दूरस्थ रॅक ही जोड गृहीत धरून. सिस्को परीक्षेत वापरल्या जाणाऱ्या उपकरणांची आणि सॉफ्टवेअर आवृत्त्यांची यादी प्रसिद्ध करते. सीएमएलमधल्या इमेज त्या यादीशी ताडून पाहाव्यात आणि परीक्षेला थोडे आठवडे उरले असताना नवी आवृत्ती आली, तरी जुनीच चालू ठेवावी.